पान आणि पडदा

अकरावीच्या माध्यम-अभ्यासाच्या वर्गात आज ‘स्त्री’ मासिकाचे जुने अंक मुलांपुढे ठेवले. १९३० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेल्या या मासिकाचे मुखपृष्ठ कोणाला उद्देशून आहे, संपादकीय मजकूर कोठे संपतो आणि जाहिरात कोठे सुरू होते, त्या जाहिरातीने वाचक स्त्रीची कोणती प्रतिमा गृहीत धरली आहे, असे प्रश्न घेऊन मुले एकेका पानाचा तपशील टिपू लागली, तेव्हा रद्दीत जाणाऱ्या कागदांत एका समाजाचे मनोगत केवढे साठलेले असते, याची प्रचीती मला नव्याने आली.

दूरचित्रवाणीचे परीक्षण मात्र अधिक दुष्कर. पान वाचकासाठी थांबते, चित्र थांबत नाही. म्हणून पुराचे एक बातमीपत्र प्रथम आवाज बंद करून दाखविले. मंत्रिमहोदयांच्या चेहऱ्याखाली नाव व हुद्दा झळकला, कॅमेरा किंचित खालून रोखलेला असल्याने त्यांची आकृती भारदस्त भासली. ज्या बाईचे घर वाहून गेले होते, तिच्याखाली केवळ ‘पूरग्रस्त महिला’ एवढेच. हे प्रथम एका अबोल विद्यार्थिनीने हेरले, आणि वर्ग स्तब्ध झाला. ही दृष्टी शालेय वयातच लाभली पाहिजे, असे मी अंतःकरणपूर्वक मानतो, आणि या विषयाला दुय्यम लेखणाऱ्यांशी माझा मतभेद कायम आहे.

पुढील आठवड्यात त्याच पुराचे साप्ताहिकांतील वृत्तांत आणावयाचे आहेत; तेथे त्या बाईचे नाव कोणी विचारले होते का, हे मुलांनीच शोधावयाचे आहे.