ग्लायडरची जोडणी आणि उड्डाणाची सुरक्षितता

ग्लायडर हे इंजिन नसलेले विमान असून, विंच या जमिनीवरील यंत्राच्या तारेने खेचून ते वर चढवले जाते आणि तार सुटल्यावर वर उठणाऱ्या उष्ण हवेच्या आधारे ते तरंगत राहते. छत्रपती संभाजीनगरहून पुण्यातील हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात शिकण्यास गेलेल्या प्रस्तुत लेखकाच्या मनात विमान अपघाताची कल्पना 26 एप्रिल 1993 च्या दुर्घटनेने रुजवली होती. त्या दिवशी चिकलठाणा विमानतळावरून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 बीड रस्त्यावरील कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले आणि 118 पैकी 55 जण दगावले. वैमानिकाने विमान उशिरा उचलले याबरोबरच उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नव्हती, हेही चौकशीत कारण ठरले. जमिनीवर राहून गेलेले काम हवेत जीव घेते, हे ग्लायडरच्या बाबतीत तर जोडणीपासूनच लागू होते.

वाहतुकीसाठी किंवा दुरुस्तीसाठी सुटे केलेले पंख पुन्हा बसवताना त्यांचे स्पार, म्हणजे पंखाचा भार पेलणारे आतील कणे, धडात सरकवून पिनांनी पक्के केले जातात. त्यानंतर पंखांवरील एलेरॉन आणि शेपटीवरील एलिव्हेटर या हलत्या पट्ट्यांचे दांडे जोडावे लागतात. अनेक जुन्या बनावटींत हे सांधे हातानेच बसवायचे असतात आणि सांधा अर्धवट बसला असला तरी स्टिक, म्हणजे वैमानिकाच्या हातातील नियंत्रणाचा दांडा, हलवताच पट्टी हलते, त्यामुळे नुसत्या नजरेला दोष दिसत नाही; उड्डाणात हवेचा दाब आला की तोच सांधा निखळू शकतो. एलिव्हेटर सुटल्यास विमानाचे नाक वर-खाली करण्याचा ताबा जातो, आणि विंचने चढताना तसे घडले तर पॅराशूट उघडण्यापुरतीही उंची बहुधा हाती नसते.

यासाठी एकाने पट्टी हाताने धरून ठेवायची आणि दुसऱ्याने कॉकपिटमधून स्टिक बेताने रेटायची, अशी तपासणी करतात. स्टिकला अडथळा जाणवला तरच सांधा खरा मानला जातो. जोडणी चालू असताना कोणी बोलण्यात गुंतवले, तर काम पहिल्या पिनेपासून पुन्हा तपासले जाते. नवशिक्याला कंटाळवाणा वाटणारा हा क्रम प्रस्तुत लेखकास प्रशिक्षणातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो. जोडणाऱ्याखेरीज दुसऱ्या जाणकाराने तपासल्याशिवाय कोणतेही ग्लायडर विंचच्या तारेला लावू नये.