आकाशाची पासोडी

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे दासोपंतांचे गाव. सुमारे चारशे वर्षांपूर्वी या संतकवीने पंचमहाभूतांचा विचार एका लांबलचक पासोडीवर लिहून काढला. ती पाहणाऱ्यास आजही नवल वाटते. परंतु साऱ्या पृथ्वीच्या माथ्यावर आणखी एक पासोडी पसरलेली आहे. ती मात्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. ती ओझोन वायूची होय.

जमिनीपासून पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर हा वायू विरळ पसरलेला असतो. तो सारा भूपृष्ठावर आणून अंथरला, तर जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा थर भरेल. परंतु एवढेसे आवरण सूर्याचे घातक अतिनील किरण अडविते. म्हणूनच शेतात ज्वारी डुलते आणि रानात राबणाऱ्यांची त्वचा व डोळे सुरक्षित राहतात.

न दिसणारी ही पासोडी मोजावी कशी? ऑक्सफर्डच्या डॉब्सन यांनी १९२० नंतरच्या दशकात त्यासाठी एक यंत्र सिद्ध केले. सूर्याचे काही किरण ओझोन अधिक शोषतो, काही कमी. दोहोंची तुलना केली, की जमिनीवरूनच आकाशातील ओझोनचे माप कळते. पुण्याच्या वेधशाळेत अशी मापे घेतली गेली. तेथेच हवामान खात्याच्या अ‍ॅना मणी यांनी १९६० नंतरच्या दशकात, फुग्याबरोबर वर जाऊन ओझोन मोजणारे भारतीय उपकरण तयार करविले.

पुणे आणि बीड जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. त्यामुळे पुण्याचे माप बीडलाही बहुतांशी लागू पडते. पौषात माणसे घोंगडी ओढून घेतात, तेव्हा आकाशाची पासोडी सर्वांत पातळ, सुमारे अडीच मिलिमीटर असते. वैशाख-ज्येष्ठात ती थोडी जाड होते. ओझोन सूर्यप्रकाशानेच तयार होतो. उन्हाळ्यात तो अधिक निपजतो, तर हिवाळ्यात उंचावरील वारे त्याचा बराच भाग उत्तरेकडे वाहून नेतात. तरीही उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर तळपत असतो; म्हणून शेतकऱ्याला डोईचा पटका सोडून चालत नाही.

अशी नोंद रोज कशासाठी ठेवावयाची, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर १९८५ साली मिळाले. दक्षिण ध्रुवाजवळ पंचवीसहून अधिक वर्षे मापे घेणाऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी, तेथे वसंत ऋतूत ओझोन फार घटू लागल्याचे जगाला सांगितले. ऋतूची रीत ठाऊक होती, म्हणूनच ती मोडल्याचे कळले. शीतकपाटे व फवारे यांत वापरलेले मानवनिर्मित वायू त्यास कारण होते. १९८७ साली माँट्रिऑल येथे राष्ट्रांनी त्यांना आवर घालण्याचा करार केला. आता ती पासोडी हळूहळू सांधली जात आहे.

ती सांधण्याचे काम सर्व राष्ट्रांनी मिळून केले. परंतु ती विरली आहे, हे प्रथम कळले ते वर्षानुवर्षे निष्ठेने लिहिलेल्या साध्या आकड्यांमुळे.