‘आम्ही’ दिलगीर आहोत

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. इंग्रजीत हा भेद नाही, प्रमाण हिंदीतही नाही. वर्गात तो समजावताना मी पूर्वी पंगतीचे उदाहरण देत असे: ‘आम्ही जेवलो’ आणि ‘आपण जेवू या’. गेली काही वर्षे मला विमानतळ अधिक उपयोगी वाटू लागला आहे. देशांतर्गत विमानवाहतुकीत आपण अमेरिका आणि चीन यांच्या पाठोपाठ जगात तिसरे आहोत, २०२४ साली आपल्याकडे देशांतर्गत प्रवाशांची संख्या १६ कोटींच्या वर गेली, ही वाक्ये ‘आपण’ची आहेत. उड्डाण रद्द झाल्यावर काउंटरमागची मुलगी म्हणते, ‘गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’. तिथे सर्वनाम बदललेले असते. भरभराटीत सारे सामील असतात, नुकसानीची वेळ आली की कोणीतरी वेगळे काढले जाते.

विमान हा शब्द आपल्याकडे यंत्राच्या आधीपासून आहे. पुराणांतल्या देवांपाशी ते होते, तुकोबांना न्यायला आले तेही विमानच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन निघालेले छोटे विमान जुहूला उतरवले, तेव्हा या शब्दाला व्यवहाराचा अर्थ मिळाला. १९५३ साली राष्ट्रीयीकरण झाले, आणि पुढची चार दशके बहुतेकांसाठी विमान म्हणजे अंगणातून बोट दाखवून पाहायची वस्तू राहिली. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली आणि पुढे एक रुपयाच्या तिकिटाची जाहिरात झाली. अशा जागा मोजक्याच असत, हे खरे. पण माझा पहिला विमानप्रवास त्याच स्वस्ताईच्या लाटेतला आहे. दिल्लीच्या चर्चासत्रासाठी रेल्वेभाड्याइतकाच प्रवासखर्च मिळणार होता, आणि विमानाचे तिकीट त्यात बसले. शेजारच्या आजींनी आकाशात दशम्यांचा डबा उघडला आणि एक मलाही दिली. तो ‘आपण’ खोटा नव्हता, हे आधी नमूद केले पाहिजे.

आता दुसरी बाजू. खासगी कंपन्यांना आकाश मोकळे झाल्यापासूनची नावे आठवून पाहावीत. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त ही नव्वदच्या दशकातच संपली. सहारा जेटमध्ये गेली, डेक्कन किंगफिशरमध्ये. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. प्रवासी वाढत होते आणि कंपन्या मरत होत्या. ज्या बाजारात गिऱ्हाईक दारात रांग लावून उभे आहे तिथे दुकानदार का बुडतो? विमानांचे भाडे आणि दुरुस्ती डॉलरमध्ये, तिकीट रुपयात. इंधन हा सर्वांत मोठा खर्च, त्यावर राज्यांचा वेगळा कर. आणि वरून तिकीट खर्चाच्याही खाली विकण्याची चढाओढ. गो फर्स्टच्या बाबतीत इंजिनांच्या तुटवड्याने विमाने जमिनीवरच उभी राहिली. इंडिगो टिकली ती शिस्तीमुळे: बहुतांशी एकाच घराण्याची विमाने, आणि विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंतचा वेळ कमीत कमी. तिचे यश नाकारण्याचे कारण नाही.

माझी एक विद्यार्थिनी एम. ए. झाल्यावर एका विमानकंपनीत लागली. स्वच्छ वाणी आणि तीन भाषा, म्हणून काउंटरवर. ती कंपनी पुढे बंद पडली. नाव सांगण्याची गरज नाही. शेवटच्या काही महिन्यांत पगार थकले होते, उड्डाणे रोज रद्द होत होती, आणि चिडलेल्या प्रवाशांपुढे ती ते ठरलेले वाक्य म्हणत होती. नंतर भेटली तेव्हा म्हणाली, ‘सर, तुम्ही आम्ही-आपण शिकवलंत ना, तो आम्ही मीच होते. पगार माझा थकलेला, आणि माफी मागणारीही मीच.’ यावर मला काही उत्तर सुचले नाही. ज्यांनी निर्णय घेतले ते त्या ‘आम्ही’त कुठेच नव्हते, आणि जी त्यात उभी होती तिने एकही निर्णय घेतलेला नव्हता.

एक अर्थशास्त्राचे सहकारी म्हणतात की कंपन्या मरणे हे बाजाराच्या प्रकृतीचेच लक्षण आहे. विमाने दुसऱ्याकडे जातात, वैमानिकही जातात, प्रवासी उडतच राहतो. विमानांपुरते ते खरे आहे; ती भाड्याने देणारे आपली मालमत्ता सोडवून नेतात. कर्मचाऱ्यांच्या थकबाकीला चाके नसतात. जेटच्या पुनरुज्जीवनाची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. साडेपाच वर्षे हजारो माणसे कागदोपत्री आशेवर होती.

शिवाय मरता मरता बाजारात उरले किती? एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे परतली, विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये तिच्यात विलीन झाली. आज दहातले सुमारे नऊ देशांतर्गत प्रवासी इंडिगो किंवा एअर इंडिया समूहाच्या विमानांतून जातात. याचा अर्थ डिसेंबर २०२५ मध्ये कळला. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या उतरणींवर मर्यादा घालणारे नियम लागू झाले होते. त्यांना पुरेल इतकी तयारी इंडिगोने केलेली नव्हती. एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. एक कंपनी अडखळली आणि देश विमानतळांवर बसून राहिला. शेवटी सरकारने तिकिटांच्या दरांना कमाल मर्यादा घातली आणि त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट दिली. म्हणजे थकलेल्या माणसाने विश्रांती घ्यावी हा नियमच काही काळ बाजूला ठेवावा लागला. ती सूट जिच्या थकव्यावर उभी होती ती माणसे पुन्हा ‘आम्ही’तलीच.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. दोन्ही मोठ्या कंपन्यांनी शेकडो विमाने मागवून ठेवली आहेत. हे सगळे ‘आपण’ या सर्वनामात सांगितले जाईल, आणि सांगावेही. त्यावर आक्षेप घेण्याचे काम भाषेच्या शिक्षकाचे नव्हे. मात्र त्या सर्वनामात वैमानिकाची झोप आणि काउंटरवरच्या मुलीचा पगार धरला आहे की नाही, एवढे विचारणे आपल्या अभ्यासक्रमात बसते.