आईमाता मंदिराचा चढ

बिबवेवाडीत गंगाधाम चौकातून आईमाता मंदिराकडे मोटार चढू लागली, की मागे बसलेल्या वडिलांचे डोके जड होई. पेट्रोलचा वास मला येई, त्यांना नाही. वयानुसार घ्राणशक्ती मंदावते. मार्केट यार्डाच्या सपाट रस्त्यावर मात्र काहीच नाही! टाकी भरलेली आणि रस्ता चढाचा, तेव्हाच वास. हे सांगताच मेकॅनिकने मागची सीट उचलली. इंधनपंपाच्या झाकणाखालची रबरी रिंग चिरली होती. चढावर पेट्रोल तिथवर पोहोचे. रिंग बदलली.

पेट्रोलची वाफ हवेहून जड, तळाशी साचते. वास येताच गाडी थांबवून इंजिन बंद करावे, ज्येष्ठांना आधी उतरवावे, दारे उघडी ठेवावीत. काडी, लायटर दूरच. तो चढ मी अजून काचा उघडूनच चढतो. वडील मफलर गुंडाळून बसतात.