आण्णांनी घातलेली माळ

वारकऱ्याची माळ तशी स्वस्तातली वस्तू. आळंदीत, देहूत, पंढरपुरात देवळाकडे जाणाऱ्या प्रत्येक बोळात तुळशीच्या मण्यांचे झुपके टांगलेले असतात. पैसे टाकले की मिळते. पण विकतची माळ गळ्यात अडकवून कुणी वारकरी होत नाही. ती आधी ज्ञानेश्वरीवर ठेवतात, मग महाराज नियम सांगतात आणि आपल्या हातानं गळ्यात घालतात. मांस-मद्य वर्ज्य, एकादशी करायची, वर्षातून एक तरी वारी, परस्त्री मातेसमान. माझ्या गळ्यात ती पडली तेव्हा मी पाचवीत होतो. परस्त्री म्हणजे कोण हे मला ठाऊक नव्हतं, तरी 'पाळीन' असं खणखणीत आवाजात म्हणालो होतो. शेजारी आण्णा, माझे वडील, हात जोडून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी बघून मी आणखी काहीही कबूल केलं असतं.

आण्णा औसा तालुक्यातले. दुष्काळाला कंटाळून पुण्याला आले, भोसरीच्या एका वर्कशॉपात टर्नर म्हणून लागले आणि पिंपळे गुरवला भाड्याची खोली घेतली. पवनेकाठी तेव्हा अजून शेतं होती. आमच्यासारखी लातूर, बीड, सोलापूरकडची बिऱ्हाडं गावाबाहेर वाढत चालली होती. गाव सुटलं होतं, पण माळ सुटली नव्हती. अनोळखी गल्लीत गळ्यातली माळ बघून कुणी 'माउली' म्हटलं की आण्णांची ओळख झालेली असे. रेशनकार्डापेक्षा तिचा उपयोग जास्त. धर्माकडं माणसं का जातात याची मोठमोठी उत्तरं मी पुढे वाचली. हे एवढंसं कारण त्यात फारसं कुठे सापडलं नाही.

लेथवर गळ्यात काही लोंबतं ठेवायचं नाही, हा कारखान्यातला पहिला नियम. अंगठी नाही, साखळी नाही, सैल बाही नाही. फिरत्या चकमध्ये अडकलं तर माणूस आत ओढला जातो. आण्णा माळ बनियनच्या आत सारायचे आणि शर्टाचं वरचं बटण लावायचे, भर मे महिन्यातसुद्धा. घरी आल्यावर ती बाहेर काढायचे तेव्हा मणी चमकत असत. नवी माळ पिवळसर पांढरी असते. आण्णांच्या माळेचे मणी कुलंट, ऑइल आणि घामानं चिंचोक्यासारखे झाले होते, आणि तिला तुळशीचा नव्हे, शॉपचा वास यायचा. आण्णांचा देवावर विश्वास होता तसा चकवरही होता. दोघांच्याही नियमांत ते बसत होते.

मग 1993 आलं. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली आणि 30 तारखेला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यात माझी आजी होती, आईची आई. दगड-माती उपसून तिला बाहेर काढलं तेव्हा गळ्यात माळ तशीच होती, एकही मणी तुटलेला नव्हता, असं मामा सांगायचा. तो वाचला होता. दहाव्याला जमलेले लोक म्हणत होते, म्हातारी पुण्यवान, विठ्ठलानं नेली. आणि मामाकडे बघून तेच लोक म्हणत होते, विठ्ठलानं राखला. मी तेव्हा तेरा वर्षांचा. नेलं तरी त्याचं श्रेय, राखलं तरी त्याचंच. मग तो चुकतो कधी? हे मी आईला विचारलं नाही. ती वेळ नव्हती, आणि नंतरही कधी आली नाही.

किल्लारीत माणसं कशानं मेली याचं उत्तर इंजिनिअरांनी दिलं. मातीत रचलेल्या दीड-दोन हातांच्या दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात ज्यानं घर गार राहायचं, त्यानंच माणसं गाडली. आमच्या पिंपळे गुरवच्या जिजाऊ उद्यानात डायनासोरचे मोठाले पुतळे आहेत. सगळं शहर त्याला डायनासोर गार्डनच म्हणतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते प्राणी संपले, आणि त्या भिंतींतला दख्खनचा काळा दगड ज्या लाव्ह्यातून झाला तो वाहिला त्याच सुमाराला. मुलीला तिथं खेळायला न्यायचो तेव्हा मला किल्लारीच्या भिंती आठवायच्या. एवढ्या जुन्या हिशेबात माझ्या आजीचं पुण्य कुठल्या रकान्यात मांडायचं? (मुलीला यातलं काही सांगत नसे. ती घसरगुंडीवर असायची.)

पुढे कळलं की हा प्रश्न पडणारा मी पहिला नव्हे. 1 नोव्हेंबर 1755 ला लिस्बन शहर भूकंपानं कोसळलं. तो त्यांच्या सर्व संतांचा सण होता, माणसं प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जमली होती. जगात जे होतं ते भल्यासाठीच, असं शिकवणाऱ्या पंडितांवर व्हॉल्तेअर त्यानंतर तुटून पडला. आपल्याकडे विसर्जनाच्या रात्रीनंतर किल्लारी झाली. मदतीला अख्खा महाराष्ट्र धावला, पण देवाला जाब विचारणारं त्या तोडीचं काही माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.

डिप्लोमा करून मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागलो. तिथं देहूरोडचा एक सहकारी होता. 25 डिसेंबर 1954 ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली आणि पंढरपूरचा विठोबा मूळचा बुद्धच, असं तिथं सांगितलं. या सहकाऱ्याचे आजोबा त्या गर्दीत होते. तेही माळकरी. दोन वर्षांनी नागपूरच्या दीक्षेनंतर त्यांनी माळ उतरवली, कुणाच्या सांगण्यावरून नाही, असं तो अभिमानानं सांगायचा. मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला. त्यांच्या माळेमागे एक 'हो' होता आणि एक 'नाही'. माझ्या माळेमागे आण्णांच्या डोळ्यांतलं पाणी.

त्या सुमारास आमच्या भागातल्या सप्ताहात एका कीर्तनकारांनी दृष्टान्त दिला. समोर सगळे कंपनीवाले बसलेले, म्हणून दृष्टान्तही सीएनसीचा. प्रोग्रॅम देवानं लिहिला, आपण नुसतं टूल. लिहिलंय तसंच फिरायचं. टाळ्या पडल्या. मी क्वालिटीवाला, माझ्या डोक्यात दुसरंच. जॉब रिजेक्ट झाला की आम्ही आधी प्रोग्रॅम तपासतो. टूलला शिक्षा करत नाही. सगळं त्यानंच लिहिलं असेल तर पाप माझ्या नावावर कसं? संचित, प्रारब्ध, क्रियमाण असे तीन खण करून आपल्या लोकांनी यातून वाट काढली आहे: मागचं भोगायचं, पुढचं तुझ्या हातात. वाट चतुर आहे. पण आजीला जे भोगावं लागलं ते तिच्याच मागल्या जन्माचं, असं त्या वाटेमुळे मानावं लागतं, आणि तेवढं मला मानवत नाही.

संप्रदायावर मी सरसकट राग धरत नाही. 2008 साली चाकणजवळ शिंदे-वासुलीला डाऊ केमिकल्सच्या प्रकल्पाविरुद्ध वारकरी उतरले, तुकोबांच्या भामचंद्र डोंगराच्या पायथ्याशी, आणि पुढे कंपनीला तिथून जावं लागलं. प्रारब्ध म्हणून ते गप्प बसले नाहीत. पण पंढरपूरच्या देवळाची व्यवस्था ही वेगळी गोष्ट. चोखोबांची समाधी पायरीशी, देवळाबाहेर. त्यांच्या लोकांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, दहा दिवस उपाशी राहावं लागलं. देवळातल्या पुजारी बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क काढायचा कायदा 1973 चा; त्यावर सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब व्हायला 2014 उजाडलं. समतेचा देव, आणि त्याच्या दारातल्या प्रत्येक सुधारणेसाठी उपोषण नाहीतर खटला. भक्तीनं आपण होऊन उघडलेलं दार मला त्यात दिसत नाही.

माळ मी काढली ती यातल्या कुठल्याही एका कारणानं नाही. एका सकाळी अंघोळीनंतर घातलीच नाही. ठरवून केलं म्हणावं, तर बेंजामिन लिबेट नावाच्या शास्त्रज्ञाचा 1983 चा प्रयोग आडवा येतो. मनात येईल तेव्हा मनगट हलवा, असं त्यानं लोकांना सांगितलं; 'आता हलवतो' असं त्यांना जाणवण्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली दिसली. तिचा अर्थ काय यावर अजून वाद आहेत. पण क्षणभर ते खरं धरलं, तर माळ घातली आण्णांनी आणि काढली मेंदूनं. या सगळ्यात मी होतो कुठे? कीर्तनकारांना हसणाऱ्या माझ्यासमोर प्रयोगशाळेनं त्यांचंच टूल आणून ठेवलं. हा गुंता मला सुटलेला नाही, आणि सुटला असं सांगणाऱ्या महाराजावर किंवा प्राध्यापकावर माझा विश्वास बसत नाही.

लोकांना मात्र सगळं स्पष्ट होतं. महिनाभरात माझी गाडी घसरली, गुडघा फुटला. 'माळ उतरवल्यावर दुसरं काय होणार' हे तीन मजल्यांवरून ऐकू आलं. भीतीवर चालणारी ही भक्ती मला नास्तिकतेपेक्षा जास्त निर्देव वाटते. आण्णांनी मात्र भीती घातली नाही. चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी विचारलं, "एकादशी तरी करणार का?" मी म्हणालो, "तुमच्यासोबत करीन." ती आजही करतो. ज्येष्ठात तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम उरकून पुण्याकडे निघाली की कासारवाडीला रस्त्याकडेला उभा राहतो. कुणी अनोळखी म्हातारा वाकून पाया पडतो, मी त्याच्या पडतो. त्यासाठी मला देव लागत नाही, त्याला लागतो. त्यावरून आमचं भांडण नाही.

मुलगी पाचवीत गेली तेव्हा आण्णांनी तिच्या माळेचा विषय काढला. मी म्हटलं, तिला विचारा, आणि ती नको म्हणाली तर डोळ्यांत पाणी आणू नका. आण्णा हसले. त्यांनी विचारलं, सगळे नियम नीट समजावून सांगितले. ती म्हणाली, विचार करून सांगते. आता ती आठवीत आहे. अजून तिनं सांगितलेलं नाही, आणि आण्णांनी परत विचारलेलं नाही.