घोडी निम्म्याने देताना

घोडी विकायची असली तर गिऱ्हाईक शोधायला देवगाव फाट्याच्या बाहेर जावे लागत नाही. जिंतूर, मंठा आणि सेलू अशा तिन्ही बाजूंचे रस्ते इथे एकत्र येतात. चहाला थांबलेला कोणी ना कोणी आमच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडकडे बघतो आणि विचारतो, "केवढ्याला देणार?" आम्हाला मात्र घोडी विकायची नव्हती. तिच्यासाठी निम्म्याचा माणूस हवा होता. असा माणूस शोधणे सोयरीक जमवण्याइतके अवघड आहे. खरे तर जास्तच, कारण सोयरिकीत मुलगी निदान काही बोलू शकते.

घोडी अब्बांची. काळसर रंगाची, म्हणून नाव मुश्की. अब्बांनी उभी हयात लग्नाच्या घोड्या सांभाळल्या. निकाहच्या बारातीला जी घोडी, तीच हिंदू लग्नातल्या परण्याला. नवरदेव तिच्यावर बसून मारुतीच्या देवळापर्यंत जायचा आणि लगाम अब्बांच्या हातात असायचा. आजूबाजूच्या गावांतले कितीतरी बाप आजही अब्बांना भेटले की सांगतात, "चाचा, मी तुमच्याच घोडीवर बसलो होतो." पुढे अब्बांचे गुडघे गेले. आम्ही दोघे भाऊ टायरचे दुकान चालवतो. पंक्चर झालेला ट्रक पहाटे चारलाही येऊन उभा राहतो. घरातल्या दोघी सुनांना लेकरे, स्वयंपाक आणि शिलाईचे काम. मुश्कीला चारा-पाणी मिळत होते, पण तिला फिरवायला कोणी नव्हते.

घोडी म्हणजे शेळी नव्हे. तिला रोज सहा-सात किलो कडबा लागतो, वर चंदी, उन्हाळ्यात तीस लिटरच्या पुढे पाणी. खरारा रोजचा. दीड-दोन महिन्यांनी नालबंद येऊन खूर साफ करतो, नाल बदलतो. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे तिला चालवावे लागते. अगाडी-पिछाडी बांधून नुसती उभी ठेवली की पाय सुजतात आणि स्वभाव बिघडतो. कमाईचे दिवस मात्र मोजके. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि आषाढात बंद पडतात. आपल्याकडे रमजानमध्ये लग्ने नसल्यासारखीच, मोहरमात बहुतेक लोक टाळतात. म्हणजे काम अर्धे वर्ष आणि खाणे बारा महिने.

शेवटी अब्बाच एक दिवस म्हणाले, "विकून टाका." त्या रात्री ते जेवले नाहीत.

तोड काढली अम्मीने. "बकऱ्या देते ना अपन आधे पे? वैसीच घोडी दे देंगे."

आपल्या भागात शेळी अर्धलीने देण्याची रीत जुनी आहे. शेळी मालकाची, चारणे दुसऱ्याचे, पिले निम्मी-निम्मी. एकेक बैल असलेले शेतकरी वारंगुळा करतात आणि दोघांची पेरणी उरकतात. घोड्याचेही तसेच होते. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा बारगीर, हे शब्द मराठी फौजेत रोजचे होते. शेजारच्या हिंगोलीला निझामाच्या काळात घोडदळाची छावणी होती, तिथेही ही पद्धत चालायची. जनावर एकाचे, स्वार दुसरा, आणि दोघांचेही पोट त्याच्यावर. मग आम्हालाच का जमू नये?

माणूस हवा आहे असे सांगितल्यावर आठवड्यात तिघे आले.

पहिला बँडवाला. त्याने सगळ्यात जास्त पैसे सांगितले आणि ते आगाऊ द्यायलाही तयार होता. त्याच्या पिशवीत लगाम होता. अब्बांनी तो हातात घेऊन आतल्या बाजूने अंगठा फिरवला. लोखंडाला दाते होते. असा लगाम ओढला की जबडा दुखतो, घोडी पाय आपटते, आणि वरातीतल्या लोकांना वाटते की ती नाचते आहे. ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्राने जे नियम केले, त्यांत काटेरी लगामाला मनाई आहे. पण नियम बाजारात कोण बघतो? अब्बांनी लगाम त्याच्या पिशवीत परत ठेवला आणि चहा पाजून त्याला वाटेला लावले.

दुसरा आमच्याच नात्यातला. शहरात शिकणारा, गोड मुलगा, घोड्यांवर खरेच जीव. दर रविवारी यायचे, मुश्कीला पळवायचे आणि खर्चाचा तिसरा हिस्सा द्यायचा, असे त्याचे म्हणणे होते. परीक्षा असली तर काय, यावर तो हसला. नात्यातल्या माणसाशी जनावराचा व्यवहार करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. चुकले तर बोलता येत नाही, आणि न बोललेले मग ईदच्या दस्तरखानावर निघते. तो आजही येतो, मुश्कीला गाजर देतो, फोटो काढतो. तेवढे पुरे.

तिसरे बापू. चार-पाच किलोमीटरवरच्या गावचे शेतकरी, पन्नाशी उलटलेले. त्यांच्या वडिलांकडे घोडी होती. ती गेल्यावर दुसरी घेणे जमले नव्हते. आम्ही शेडचे दार उघडले तरी ते आत गेले नाहीत. आधी अब्बांजवळ बसले. मग विचारले, "चाचा, लीद कशी टाकते? पाणी कोणत्या वेळेला पिते? कशाला बुजते?" किंमत, कमाई यांबद्दल अक्षर नाही. मुश्कीजवळ गेले ते बाजूने, तिला दिसेल असे, आणि मानेवर हात ठेवून उभे राहिले. अब्बा आमच्याकडे बघून फक्त खाकरले. आम्ही काय ते समजलो.

तरीही महिनाभर आम्ही काहीच ठरवले नाही. बापूंनी रोज यायचे, खरारा करायचा, फिरवून आणायचे, बस. पावसात येतात का, लग्नाघरी बोलावणे असले तर निरोप पाठवतात का, दमलेल्या घोडीला थेट पाण्यावर नेतात का, हे सगळे महिन्यात कळते.

मग लिहायला बसलो. बापूंना कागद नको होता. "माणसावर भरवसा नाही का, चाचा?" अब्बा म्हणाले, भरवसा आहे म्हणूनच लिहायचे, सूरह बकरामधली कुरआनची सगळ्यात मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. बापू म्हणाले, मग लिहा.

कमाईची वाटणी दोन ओळींत संपली: सुपारीचे पैसे आले की आधी नाल आणि औषधपाणी बाजूला, उरलेले निम्मे-निम्मे. कडबा आणि हिरवा घास बापूंच्या शेतातला, चंदी आमची. घोडी चार दिवस त्यांच्या दावणीला, तीन दिवस इथे. खरा वेळ गेला तो वाईट दिवसांवर. पाय मोडला तर? कोणाच्या पोराला लाथ बसली तर? एका दिवसात दोन वराती घ्यायच्या का? (नाही, असे अब्बांनी स्वतःच्या हाताने लिहिले.) डीजेच्या भिंतीजवळ आणि फटाक्यांत न्यायची नाही, मग सुपारी बुडाली तरी चालेल. गाभण राहिली तर अकरा महिने, त्यातले शेवटचे काही आणि वितल्यानंतरचेही काही बिनकामाचे. त्या काळातला खर्च दोघांचा. पहिले शिंगरू आमचे, दुसरे त्यांचे. ती त्यांच्या दावणीला मेली आणि हयगय नसली, तर आम्ही एक रुपयाही मागायचा नाही. हयगय होती की नव्हती हे नालबंदाने सांगायचे, कारण तो दोघांकडेही येतो आणि दोघांपैकी कोणालाही भीत नाही.

या शेवटच्या कलमावर आमच्यात वाद झाला. धाकट्याचे म्हणणे, एवढी मोठी जोखीम आपणच का घ्यायची? अम्मीचे उत्तर असे की ज्याला नुकसानीची धास्ती असते तो आजारपण लपवतो. लपवलेल्या आजाराने जनावर आधी मरते.

त्याची परीक्षा तीन महिन्यांतच झाली. रात्री अडीचला बापूंचा फोन. "घोडी लोळायलीय, पोटाकडं बघायलीय. आमच्या नातवानं लग्नातली बुंदी आणून चारली, पातेलंभर." काही न विचारता त्यांनी सगळे सांगितले. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेले वरून बाहेर पडायला वाट नाही. म्हणून पोटशूळ झाला की वेळ महत्त्वाचा. काय खाल्ले हे त्यांनी लगेच सांगितल्यामुळे पशुवैद्यकाला आम्ही फोनवरच नेमके सांगू शकलो. ते येईपर्यंत बापू आणि आम्ही आळीपाळीने तिला खळ्यात चालवत होतो. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून तेलासारखे औषध सोडले. अब्बा रिक्षातून आले आणि खाटेवर बसून तस्बीह फिरवत राहिले. फजरच्या सुमारास मुश्कीने लीद टाकली. लीद बघून इतकी माणसे एकदम हसलेली आम्ही पहिल्यांदाच पाहिली.

डॉक्टरांचे बिल बापूंनी भरायला काढले. कागदात मोठे दुखणे आमच्याकडे आहे, असे आम्ही म्हणालो. शेवटी निम्मे-निम्मे झाले आणि कागदात एक ओळ वाढली: लग्नाघरचे काहीही चारायचे नाही. बुंदी चारणारा नातू आता रोज खरारा करतो.

अब्बांचे दुखणे तसेच आहे, पण आठवड्यातून एकदा बापू त्यांना मोटारसायकलवर बसवून शेतात नेतात. दोघे बांधावर बसतात, मुश्की चरते. काय बोलता असे विचारले तर अब्बा म्हणतात, "कुछ नहीं."

आता नवा विषय निघाला आहे. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार मोठा असतो. बापूंच्या घरचा तो देव, आणि त्यांना मुश्कीला घेऊन जायचे आहे; विकायला नव्हे, मिरवायला. आमची अडचण अशी की बाजारात शेकडो घोडी एकाच हौदावर पाणी पितात. ग्लँडर्स हा रोग तिथून येऊ शकतो, तो माणसालाही होतो, आणि रोग ठरला तर जनावर मारावेच लागते. म्हणून रक्त तपासून घ्यायचे, पाण्याची बादली आपली न्यायची, गर्दीपासून लांब बांधायची, एवढे बापूंनी स्वतःहून कबूल केले आहे. धाकटा अजून नको म्हणतो. अब्बांना विचारले तर ते म्हणाले, "आधी रक्ताचा कागद येऊ दे, मग बघू." रक्त गेल्या सोमवारी दिले आहे.