टॉवर फुल, आवाज गुल

आपल्या कॅम्पसमधलं सगळ्यात मोठं कोडं कोणतं? मोबाइलवर सगळ्या दांड्या फुल दिसतात, समोरच्याचा आवाज खणखणीत येतो आणि आपला मात्र जात नाही. "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" हे वाक्य बॉईज हॉस्टेलच्या जिन्यात जितक्या वेळा म्हटलं गेलं असेल, तितक्या वेळा तिथे "सबमिशन झालं का?" असंही कुणी विचारलं नसेल. मग कंपनीला शिव्या घालून सगळे झोपतात. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझ्या शिव्या जरा सौम्य, एवढाच फरक.

मित्रांनो, त्या दांड्या फक्त टॉवर आपल्याला किती जोरात ऐकू येतो ते सांगतात. आपण त्याला ऐकू जातो का, याचा त्यांच्याशी संबंध नाही. आपल्याकडच्या 900 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात टॉवर 935 ते 960 मध्ये बोलतो आणि 890 ते 915 मध्ये ऐकतो. बोलतो वीसेक वॅटने. ऐकायचं मात्र किती बारीक? एका वॅटचे 25 लाख कोटी भाग करा, त्यातला एक भाग. जीएसएमच्या बेस स्टेशनला एवढंसं ऐकू यावं अशी अपेक्षा असते. म्हणजे स्वतः भोंग्यावर ओरडताना शेजारच्या खोलीतली कुजबुज टिपायची. हे जमतं, कारण दोन पट्टे वेगळे आहेत आणि मध्ये चांगले फिल्टर आहेत. त्यात तिसरंच कुणी बोलायला लागलं की घोटाळा.

हे सगळं पुस्तकात होतंच. पण गेल्या ऑगस्टात आपल्या गेटवरच्या मावशींच्या सासूबाईंना रात्री धाप लागली. मावशी राहतात कुंपणापलीकडच्या वस्तीत, म्हणजे आपल्या लेडीज हॉस्टेलच्या गच्चीवरच्या अँटेनाच्या अगदी समोर. त्यांनी 108 लावला. फोन लागला, पलीकडची बाई विचारत राहिली, "पत्ता सांगा, पत्ता सांगा." मावशी सांगत राहिल्या. तीनदा लावला, तीनदा तेच. शेवटी शेजारच्या रिक्षातून नेलं. आजी वाचल्या. पण सकाळी मावशी रेक्टर मॅडमच्या ऑफिससमोर उभ्या राहिल्या आणि एकच म्हणाल्या, "मॅडम, टॉवर आमच्या तोंडासमोर हाय, मग आमचाच आवाज का गिळतो?"

या प्रश्नाला मॅडमकडे उत्तर नव्हतं. पण त्यांनी पाठपुरावा केला हे खरं, आणि पंधरा दिवसांनी एक टेक्निशियन दादा आले. लेडीज हॉस्टेलच्या गच्चीवर पुरुष जाणार म्हणजे सोबत मावशी हव्यातच. मला मॅडम म्हणाल्या, "तू ईअँडटीसीची ना? जा तूही, काहीतरी शिकशील."

दादांनी आधी अँटेना बंद करायला लावला, मगच कामाला हात घातला. कनेक्टर उघडून पुसले, टॉर्क पान्याने बेताने आवळले. ढिला चालत नाही, तसा आवळून पिळलेलाही चालत नाही. मग एक पेटी जोडली. तिच्यातून 20-20 वॅटचे दोन सिग्नल सोडायचे आणि ज्या फ्रिक्वेन्सीवर काहीच यायला नको तिथे काय परत येतं, आणि किती अंतरावरून, ते बघायचं. केबल ठीक. अँटेना ठीक. गडबड येत होती अँटेनाच्या पुढून, चारेक मीटरवरून.

पुढे काय होतं? आपल्या जुन्या लोखंडी खाटा! एकोणीस खाटा, एकीवर एक रचलेल्या, गंजून तांबड्या झालेल्या.

याला पॅसिव्ह इंटरमॉड्युलेशन म्हणतात, फील्डवरचे लोक नुसतं 'पिम'. गंजलेल्या दोन लोखंडांचा ढिला सांधा डायोडसारखा वागतो. (1944 साली इटलीत अँझिओला अमेरिकन सैनिकांनी दाढीचं ब्लेड आणि पेन्सिलीचं शिसं वापरून रेडिओ ऐकला होता, तोही याच गुणावर.) आता आपल्या गच्चीवर दोन कंपन्यांचे अँटेना. समजा एक 936 वर बोलतोय, दुसरा 958 वर. खाटेच्या सांध्यात दोन्ही मिसळतात आणि 936 ची दुप्पट वजा 958, म्हणजे 914 वर नवाच सिग्नल जन्मतो. 914 म्हणजे थेट टॉवरच्या कानात. वारा सुटला, पाऊस पडला की सांधा बदलतो, म्हणून तक्रारही रोज एकसारखी येत नाही. इथे फिल्टरही हतबल, कारण नको असलेला सिग्नल हव्या असलेल्याच्याच जागेवर बसलेला. उपाय एकच, सांधा हलवा.

"खाटा हलवा," दादा म्हणाले. मॅडम खालून म्हणाल्या, "डेडस्टॉक आहे, राइट-ऑफ झाल्याशिवाय गच्चीवरून हलणार नाहीत." दोघांचंही बरोबर होतं! तोडगा मावशींनी काढला. "गच्चीवरच ठेवू की, पण टॉवरच्या पाठीमागं." रजिस्टरात जागा 'गच्ची', ती गच्चीच राहिली. अँटेना समोर फेकतो, मागे फारच थोडं. पेटी बंद ठेवून आम्ही आठ जणींनी खाटा ओढल्या. परत मोजल्यावर आकडा इतका खाली आला की दादा हसले. उरलेला थोडा त्रास आपल्या कपडे वाळत घालायच्या तारांचा होता. त्या गंजक्या तारा आणि आकडे काढून नायलॉनच्या दोऱ्या बांधल्या. सोलर हीटरच्या पत्र्याखाली रबर घातलं.

जाताना दादांनी आणखी एक सांगितलं, ते बाहेर पीजीत राहणाऱ्यांसाठी. सिग्नल येत नाही म्हणून कुणी बाजारातून बूस्टर आणून लावला की तोही टॉवरच्या कानात असाच गोंगाट करतो. शिवाय परवानगीशिवाय तो लावणं बेकायदा आहे.

त्याच संध्याकाळी मावशींनी घरून मला फोन केला. "पोरी, येतोय का आवाज?" येत होता. मागे कुकरची शिट्टीसुद्धा येत होती.

राइट-ऑफ कमिटी अजून बसलेली नाही. आणि नायलॉनच्या दोरीवर ओली जीन्स घातली की दोरी जमिनीला टेकते, अशी तिसऱ्या मजल्याची लेखी तक्रार आहे.